धुतलेली खडी

वसतिगृहात तिला सगळे चकचक मावशी म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा कारकूनसुद्धा "चकचक मावशी आल्या का?" असंच विचारायचा आणि तीही निमूटपणे "आले" म्हणायची. हे नाव तिने कमावलेलं होतं. सव्वीस वर्षं तिने अडीचशे मुलींची न्हाणीघरं घासली. न्हाणीघर घासणं काय असतं, हे ज्याने कधी घासलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. नळाच्या तोटीत आपलं तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा नियम. दिसलं नाही तर ती पुन्हा घासायची, मग बाहेर मुली टॉवेल खांद्यावर टाकून कितीही ताटकळत उभ्या असेनात का.

घरीही तेच. सुनेने घासलेली भांडी ती पुन्हा घासायची आणि वर म्हणायची, "तुझं काही चुकलं नाही गं, माझ्याच डोळ्यांना खोड लागली आहे." सून बिचारी गप्प बसायची. सासू मनाने वाईट असती तर चार वेळा भांडून मोकळी झाली असती. चांगल्या माणसाचा जाच फार, कारण त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मावशीचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा संस्थेच्या इंजिनियर बाईंनी तिला न्हाणीघरांतून काढून मागच्या वाफ्यांवर नेमलं. हे वाफे बाईंनीच बांधलेले. वसतिगृहाच्या मागे उतारावर दोन लांबट खड्डे, कमरेएवढे खोल, तळाला जाड प्लास्टिक, आत खडी गच्च भरलेली आणि त्या खडीत बोरूचं उंच गवत न् पाणकणीस लावलेलं. न्हाणीघरांचं, स्वयंपाकघराचं, संडासांचं सगळं पाणी आधी टाकीत थांबायचं, तिथे गाळ खाली बसायचा, आणि वरचं मळकट पाणी पाइपातून वाफ्यात यायचं. खडीतून, मुळांतून सरकत सरकत ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं, नितळ. तिथून ओढा, आणि ओढा पुढे खालच्या पाणथळीत. पाणथळीच्या काठावर खालची वस्ती होती आणि त्या वस्तीत मावशीचं घर होतं.

वाफे नव्हते तेव्हा हे सगळं पाणी तसंच ओढ्यात जायचं. ऐन उन्हाळ्यातही वस्तीतल्या खिडक्या बंद असायच्या. मावशीचा नवरा तेव्हा हयात होता. तो संध्याकाळी नाक वर करून म्हणायचा, "आज साबणाचा वास जास्त आहे. बरंच घासलेलं दिसतंय तू." मावशी हसायची, पण ते तिला लागायचं. दिवसभर वर साफ करायचं आणि तीच घाण संध्याकाळी आपल्या दाराशी येऊन बसलेली पाहायची, हे काही सुखाचं नव्हतं. त्यामुळे वाफे झाले, वस्तीतल्या खिडक्या उघडल्या, आणि ते राखायचं काम तिला मिळालं, तेव्हा तिला आयुष्याचं काहीतरी ठीक झाल्यासारखं वाटलं.

काम म्हणाल तर सोपं. गळलेली पानं काढायची, वर्षातून एकदा बोरू कापायचा, पाइपांची तोंडं तुंबू द्यायची नाहीत, आणि दर सोमवारी शेवटच्या तोंडाशी काचेची बाटली भरून उजेडात धरायची. बाटलीतून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली की मावशी अशी खूश व्हायची, जणू ते पाणी तिनेच हाताने गाळलंय.

एकच गोष्ट तिला खुपायची. पाणी आत येतं त्या तोंडाशी खडीवर काळपट, बुळबुळीत थर बसलेला असायचा. बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मावशी, ही घाण नाही. ही आपली माणसं आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव. पाण्यातली घाण तेच खातात. बोरू त्यांना हवा पुरवतो, एवढंच." मावशीने मान डोलावली. शिकलेल्या माणसांचं बोलणं असंच असतं, हे तिला माहीत होतं. डॉक्टरही म्हणतात पोटाला आराम द्या, म्हणून काही कुणी पोटाला खाटेवर निजवत नाही.

आणि मग संस्थेला नवे अध्यक्ष आले.

अध्यक्षांना वाफे आवडले नाहीत. एवढी जागा गवतासाठी, हे त्यांना पटेना. वाफे बुजवून तिथे गाड्यांसाठी शेड बांधावी आणि पाणी पाइपाने सरळ ओढ्यात सोडावं, असं त्यांनी बोलून दाखवलं. बाईंनी रदबदली केली तेव्हा एवढंच ठरलं की अध्यक्ष समितीला घेऊन गुरुवारी पाहायला येतील, शेवटच्या तोंडाचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला जाईल. पाणी पास तर वाफे राहतील, नाहीतर शेड.

नेमके त्याच आठवड्यात बाईंचे वडील आजारी पडले आणि त्यांना गावी जावं लागलं. वसतिगृहालाही चार दिवसांची सुट्टी, मुली घरी गेलेल्या. जाताना बाई म्हणाल्या, "मावशी, फक्त पानं काढा. बाकी कशाला हात लावू नका. पाणी पास होणार म्हणजे होणार."

कशाला हात लावू नका, हे चकचक मावशीला सांगणं म्हणजे न्हाव्याला वाढलेले केस दाखवायचे आणि कात्री काढून घ्यायची. शनिवारी सकाळी ती वाफ्याशी उभी राहिली. पाहुणे यायचे होते. वाफ्यांचा निकाल लागायचा होता. आणि पाहुण्यांना पहिलं दिसणार काय, तर ती काळी, ओंगळ खडी. बाई एवढ्या हुशार, पण शेवटी कागदावरच्या. घर दाखवायचं असेल तर आधी उंबरा पुसतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तिने कोठीतून ब्लीचिंग पावडरची दोन पोती काढली. पिंपात कालवून ते पाणी तिने दोन्ही वाफ्यांच्या पाइपांत ओतलं, थोडं थोडं, सगळीकडे पोचेल असं. मग नळी लावून वरची खडी धुतली. तोंडाशी असलेले मोठे गोटे एकेक उचलून काथ्याच्या ब्रशने घासले. साडेतीन दिवस ती हे करत होती. गुडघे ठणकत होते, हातांची सालं निघाली, डोळे चुरचुरत होते. मंगळवारी दुपारी काम संपलं तेव्हा खडी उन्हात पांढरीशुभ्र चमकत होती आणि मावशीच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की पाहणाऱ्याला तिचा हेवा वाटावा.

बुधवारी मुली परतल्या, नळ वाहू लागले. गुरुवारी समिती आली. अध्यक्ष वाफ्याच्या कडेने चालत गेले, वाकून त्यांनी एक गोटा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मला सांगितलं होतं इथे चिखल असतो. हे तर माझ्या अंगणापेक्षा स्वच्छ आहे. कुणी केलं हे?"

"मी, साहेब," मावशी म्हणाली.

"याला म्हणतात काम," अध्यक्ष म्हणाले, आणि बाटली भरून गेली. त्या दिवशी मावशी घरी गेली ती रस्ताभर स्वतःशीच हसत.

शनिवारी संध्याकाळी सुनेने उठून ओढ्याकडची खिडकी लावून घेतली.

"का गं?" मावशीने विचारलं.

"वास येतोय, आई. पूर्वीसारखा. तुम्हाला नाही येत?"

मावशीला मघापासून येत होता.

सोमवारी तिने बाटली भरून उजेडात धरली. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. पलीकडची खिडकी दिसेना. बोरूची टोकं पिवळी पडायला लागली होती. मावशी बाटली धरून तशीच उभी राहिली, आणि बाईंचं ते बोलणं तिला आठवलं. ही आपली माणसं आहेत. ते बोलण्यापुरतं नव्हतं तर. खरंच कुणीतरी तिथे होतं, रात्रंदिवस राबत होतं, आणि दोन पोती ओतून तिने त्या सगळ्यांना मारून टाकलं होतं. वर ब्रशने घासून पुसूनही घेतलं होतं.

त्याच दुपारी बाई परतल्या. वडिलांच्या उशाशी जागून त्यांचे डोळे खोल गेले होते. प्रयोगशाळेचा कागद त्यांच्या टेबलावर येऊन पडलाच होता. पाणी नापास. थोडंथोडकं नव्हे, सपशेल नापास.

बाई वाफ्यावर आल्या. "खडी पांढरी कशी दिसतेय, मावशी?"

"पाहुणे येणार म्हणून वरून जरा पाणी मारलं," मावशी म्हणाली. तिची जीभ तिच्या आधीच बोलून गेली होती.

"असू दे. वरच्या खडीचं काही नाही," बाई म्हणाल्या. "काम सगळं खाली चालतं." आणि त्या वही घेऊन तिथेच कठड्यावर बसल्या.

दोन दिवस बाई त्या वहीत डोकं घालून होत्या. किती मुली, किती पाणी, किती खोली, सगळं पुन्हा मांडून पाहत होत्या. मावशी दुरून पानं वेचत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. बाईंनी नुसती मान वर केली तरी तिला वाटायचं, कळलं. पण कळत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी, असं एक मन म्हणायचं. निवृत्तीला वर्ष उरलंय, सव्वीस वर्षांचं नाव आहे, आता कशाला ते धुळीला मिळवायचं?

बुधवारी बाईंनी वही मिटली. "माझंच गणित चुकलं असणार, मावशी. शुक्रवारी बैठक आहे, तिथे तसं सांगून टाकते. दुसऱ्या दोन शाळांमध्ये असेच वाफे घालायचं चाललं होतं. त्यांनाही आता नको म्हणून कळवते." मग मावशीचा चेहरा पाहून त्या मऊपणे म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची यात काहीच चूक नाही."

मावशीला ते वाक्य थोबाडीत बसल्यासारखं बसलं.

त्या संध्याकाळी तिने घरात जे दिसेल ते घासायला काढलं. मन ठिकाणावर नसलं की तिचे हात असेच चालायचे. ओट्यावर दह्याचं भांडं होतं, तळाला चमचाभर दही चिकटलेलं. तिने ते राख लावून घासलं, विसळलं, पालथं घातलं. तोंड दिसावं असं लख्ख.

सून कोमट दूध घेऊन आली. तिने भांड्याकडे पाहिलं, दूध खाली ठेवलं आणि एक वाटी उचलून दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?"

"शेजारी. विरजण आणायला."

"अगं, चमचाभर तर होतं ते."

"चमचाभरच लागतं, आई," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. सहा वर्षांची सवय होती. "तेवढंही नसलं तर नुसतं दूध ठेवून दही कसं लागेल?"

ती गेली. मावशी ते लख्ख भांडं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि तिला रडू फुटलं. सून वाटी घेऊन परतली तेव्हाही ती रडत होती. सून घाबरली. भांड्याचं आपण एवढं मनावर घेतलंय असं सासूला वाटलं की काय, म्हणून समजूत घालायला लागली. मग मावशीने तिला सगळं सांगितलं, दोन पोत्यांपासून त्या खोट्या वाक्यापर्यंत. सहा वर्षांत सासूने आपली चूक सांगितल्याचं सुनेला आठवत नव्हतं. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"शेजारी मिळालं का विरजण?" बऱ्याच वेळाने डोळे पुसत मावशीने विचारलं.

"मिळालं की."

मावशी खिडकीकडे बघत राहिली. खिडकी बंद होती, पण पलीकडे काय आहे ते तिला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी बाई येण्याआधीच मावशी कठड्याशी उभी होती. तिने काही प्रस्तावना केली नाही. "बाई, गणित तुमचं बरोबर आहे. मी खडी धुतली. वरून नाही, आतून. ब्लीचिंग ओतलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "किती?"

"दोन पोती."

"दोन्ही वाफ्यांत?"

"दोन्ही."

बाई वळल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी," त्या म्हणाल्या. "सोमवारी. इथेच. दोन दिवस मी माझ्याच वहीत चूक शोधत बसले."

"मी घाबरले. मला काढून टाका, बाई. पण वाफे बुजवू देऊ नका. तो वास परत आलाय."

"काढून टाकून काय होणार आहे?" बाईंच्या आवाजात राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "जीव पुन्हा वाढतील, पण आपले आपण वाढायला दोन-तीन महिने. तेवढं कोण थांबतंय?"

"विरजण घातलं तर?" मावशी म्हणाली.

बाई वळल्या.

"आमच्या घरामागे पाणथळ आहे. ओढा जिथे तिला मिळतो तिथे इथलं पाणी वर्षानुवर्षं जात होतं. तिथल्या दगडांवर, पाणकणसाच्या मुळांशी हाच काळा थर आहे, बोटभर जाड. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिकडे नाक मुरडून बघते. आमचीच घाण खाऊन गब्बर झालेले आहेत ते. थोडे आणून इथे घातले तर?"

बाईंच्या तोंडून हसू निसटलं, रागाच्या मधूनच. "हे मला सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारच्या बैठकीत बाई म्हणणार होत्या, एक अपघात झाला. पण मावशीने ऐकलं नाही. पांढरा एप्रन नीट करून ती टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही ज्या कामाला शाबासकी दिलीत, त्याच कामाने पाणी नासलं. ते मी केलं. बाईंचा काही दोष नाही. त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

अध्यक्षांना ते समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तो गोटा मी उचलून..." ते थांबले.

"होय साहेब. काळा असता तर पाणी पास झालं असतं."

समितीतला एकजण खोकला. अध्यक्षांचे कान लाल झाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. आपण अंगणाची उपमा देऊन बसलो हे त्यांना आठवत होतं, आणि समोर मावशी आपल्या तोंडाने आपली चूक सांगत असताना आपण रागवावं कसं, हे त्यांना कळेना. "सहा आठवडे," शेवटी ते म्हणाले. "सहा आठवड्यांनी पुन्हा बाटली जाईल. आणि तीच शेवटची."

शनिवारी तिघी पाणथळीत उतरल्या. बाई गमबूट घालून, सून पायघोळ कपडे खोचून, आणि चकचक मावशी अनवाणी. बाईंनी बजावलं होतं, एका जागी ओरबाडायचं नाही. दहा ठिकाणांहून ओंजळ ओंजळ घ्यायचं. मावशीने पहिल्यांदा त्या काळ्या गाळात हात घातला तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला. मग ती कोपरापर्यंत उतरली. थर बसलेले दगड, मुळांसकट पाणकणसाचे गड्डे, गाळ, असं बादल्यांनी भरून त्यांनी वर नेलं आणि दोन्ही वाफ्यांच्या तोंडाशी खडीत पुरलं. संध्याकाळी सुनेने सासूकडे पाहिलं. कपाळापर्यंत चिखल होता. "आई, तुमचं काही चुकलं नाही हो," ती म्हणाली, "माझ्याच डोळ्यांना सवय नाही." मावशी इतकी हसली की तिला गुडघे धरून खाली बसावं लागलं.

पहिल्या सोमवारी बाटली तशीच होती. दुसऱ्या सोमवारीही. मावशी रोज जाऊन एक गोटा उचलून बघायची, अंगठ्याने चोळून पाहायची. पांढरा. कोरडा ठक्क. तिसऱ्या आठवड्यात अंगठा किंचित सरकला. तिने पुन्हा चोळून पाहिलं. बुळबुळीत लागत होतं. आयुष्यभर ज्या स्पर्शाशी ती वैर करत आली, त्यासाठी तिने त्या दिवशी डोळे मिटून हात जोडले. चौथ्या सोमवारी बाटलीतून खिडकीची चौकट दिसली, पाचव्याला गज मोजता आले. सहा आठवड्यांनी बाटली गेली, प्रयोगशाळेचा कागद आला. पास. त्याआधीच्या शनिवारीच सुनेने घरची खिडकी उघडली होती, त्यामुळे मावशीला कागदाची तेवढी धाकधूक उरली नव्हती.

वाफे राहिले. शेड फाटकाजवळ बांधायचं ठरलं.

बाईंनी वाफ्याशी एक पाटी लावायचं काढलं. रंगारी डबे घेऊन आला. बाईंनी मजकूर सांगितला: 'खडी धुऊ नये. खडीवरचा काळा थर पाणी साफ करतो.'

"खाली माझं नाव घाला," मावशी म्हणाली.

"तुमचं? कशाला?"

"बाई, पुढच्या वर्षी मी नसेन. माझ्या जागी कुणीतरी येईल, ती माझ्यासारखीच असेल. हातात ब्रश घेऊन उभी राहील आणि पाटी वाचून म्हणेल, लिहिणारी कामचुकार असेल, तिला घासायचा कंटाळा आला असेल. पण खाली माझं नाव असलं तर ती कुणालातरी विचारेल. मग तिला सांगा, ही बाई सव्वीस वर्षं घासत होती. तिनेच धुतली होती खडी."

बाईंनी रंगाऱ्याला मान हलवून होकार दिला. त्याने हजेरीपटावरचं नाव विचारलं. मावशी म्हणाली, ते कुणाला ओळखू येणार, सगळे म्हणतात तेच घाल. त्याने तेच घातलं.

रंग वाळेपर्यंत ती तिथेच थांबली. मग एप्रनच्या खिशातून फडकं काढून तिने पाटीच्या कडेचा एक ओघळ पुसला; खडीला हात लावला नाही, पाटी मात्र लख्ख केली.